खताचा हात जरा आखडता घ्या

सासूबाईंनी लावलेला मोगरा मी माझ्या हाताने मारला. काही वर्षं झाली त्याला, पण अजून आठवलं की चुटपुट लागते. कळ्या कमी येत होत्या म्हणून शेतावरून आलेल्या पोत्यातला मूठभर युरिया मी कुंडीत टाकला, तोही ऐन मे महिन्यात, भर दुपारी. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, आठवड्यात झाडाचा खराटा झाला. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. रिकामी कुंडी फक्त भिंतीशी उलटी करून ठेवली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

बचत गटाच्या निमित्ताने मी घरोघरी जाते, तेव्हा अंगणाकडे हमखास लक्ष जातं. मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे, आपली झाडं उपासमारीने कमी आणि लाडाने जास्त मरतात.

काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना? रासायनिक खत हाही एक प्रकारचा क्षारच. मातीत तो जास्त झाला की मुळांना पाणी ओढता येत नाही, उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर जातं. युरियात 46 टक्के नत्र असतं. शेतात ते लांबरुंद पसरतं, मुळांनाही पळायला जागा असते. कुंडीतल्या झाडाने पळायचं कुठे? शिवाय नत्र जास्त झालं की पानांचं रान माजतं आणि फुलं रुसतात, ते वेगळंच.

खत विकणारा म्हणतो, दर रविवारी चमचाभर घाला. त्याला काय, पुडी संपली की आपण परत त्याच्याच दारात! झाडाची भूक वारावर नसते हो, वाढीवर असते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत मोगऱ्याची छाटणी केली की नवी पालवी फुटते, ती त्याची जेवणाची वेळ. गुलाबाची पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. धो धो पावसात घातलेलं खत कुंडीच्या भोकातून वाहून जातं, म्हणजे पैसे गटारात. नुकतंच कुंडी बदललेलं झाड महिनाभर तसंच राहू द्यावं. आणि मलूल झालेल्या झाडाला तर खत नकोच. तापाने फणफणलेल्या माणसाला कुणी पुरणपोळी वाढतं का? आधी बघा, पाणी जास्त झालंय का, कीड आहे का, ऊन मिळतंय का.

बारा इंची कुंडीला दीड-दोन महिन्यांतून एकदा दोन मुठी गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, आणि चमचा-दोन चमचे निंबोळी पेंड. घरच्या झाडांना एवढं पुष्कळ झालं. शेण ताजं नको, ते कुजताना गरम होतं. खत खोडाला न चिकटवता कुंडीच्या कडेने, माती उकरून, संध्याकाळी घालावं. माती आधी ओली हवी. पाण्यात विरघळणारी पुडी आणलीच असेल तर लिहिलंय त्याच्या निम्मीच वापरा, मी तरी तसंच करते. चहाचा चोथा घालणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. तो धुऊन, वाळवून घाला, नाहीतर साखरेला मुंग्यांची रांग लागते.

कुंडीच्या कडेला पांढरी खार दिसली, पानांची टोकं जळाल्यासारखी झाली, की समजायचं जास्त झालंय. वरची इंचभर माती काढून टाकायची आणि भोकातून भरपूर पाणी निघेपर्यंत तीन-चार वेळा पाणी घालायचं. हे मला तेव्हा माहीत असतं तर!

त्याच मोगऱ्याची एक फांदी नणंदेने पूर्वी नेऊन लावली होती. तिच्याकडून पावसाळ्यात कलम आणलं आणि सासूबाईंच्या त्याच कुंडीत लावलं. फेब्रुवारीत छाटणी करून मी गांडूळखताचं घमेलं घेऊन बसले, तर आतून आवाज आला, "किती घालते आहेस गं?"

"दोन मुठी," म्हटलं.

त्या बाहेर आल्या आणि त्यातली एक मूठ परत घमेल्यात टाकून गेल्या.