सवंगडी

गेल्या दिवाळीत चार दिवस नगरास राहण्याचा योग आला. शासनदरबारी शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पण आमच्या पिढीच्या तोंडी नगरच बसले आहे, त्यास इलाज नाही. ज्या स्नेह्यांकडे उतरलो होतो त्यांचा जुना चौसोपी वाडा आहे. एरव्ही तेथे वडील मंडळीच काय ती असतात. परंतु सणास पुण्या-मुंबईची बिऱ्हाडे जमली, की चौकात दहाबारा मुलांचा एकच गलका उडतो. त्या गलक्यात एक मुलगा मात्र ओसरीच्या खांबास टेकून बसलेला असे. वय वर्षे पंधरा; बुद्धीची वाढ वयाच्या मानाने मागे राहिलेली. भावंडांची घड्याळे व चपला सांभाळणे हे त्याचे काम. कोणी त्यास हिणवीत नसे; उलट सारे घर त्याच्यावर जीव टाकी. फक्त खेळावयास कोणी बोलावीत नसे.

मी सहज विषय काढला तेव्हा आजी म्हणाल्या, "अहो, तो कसला खेळतो! पडला-झडला म्हणजे कोणी निस्तरायचे? बसतो बिचारा शहाण्यासारखा." त्याचा चुलतभाऊ जवळच उभा होता. तो म्हणाला, "आम्ही घेतो त्याला कधीकधी, काका. पण मग मुद्दाम हरावे लागते. ते त्याला कळते, आणि तो उठून जातो."

या उत्तरात सारे मर्म आहे. ज्यास आपण अजाण समजतो, त्यास दयेने दिलेला जय आणि खरा जय यांतील भेद बरोबर कळतो. मग त्यास खरा जय मिळावा कसा?

हा प्रश्न अमेरिकेतील एका मोठ्या घराण्यासही पडला होता. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण रोझमेरी हिला बौद्धिक अक्षमता होती. लहानपणी भावंडांबरोबर ती पोहे, नौकेत बसे. तिची धाकटी बहीण युनिस हिने पुढे १९६२ साली मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारातच अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरविले. त्यातूनच १९६८ च्या जुलैत शिकागो येथे सुमारे हजार खेळाडूंचे पहिले स्पेशल ऑलिंपिक्स झाले. आपल्याकडेही असेच घडलेले दिसते. मुंबईच्या वकील दांपत्याने १९४४ साली शाळा काढली ती आपल्या मुलीकरिता. नाशिकच्या रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले त्यामागेही स्वतःच्या मुलाचाच अनुभव होता. मोठमोठ्या संस्थांचा उगम असा घराच्या उंबरठ्याआत आहे.

या स्पर्धांची रचना समजून घेण्याजोगी आहे. खेळाडूंची वयानुसार व स्त्रीपुरुषभेदानुसार विभागणी करतात. मग प्राथमिक फेरीत प्रत्येकाचा वकूब पाहून साधारण तुल्यबळ अशा आठांपर्यंतचा एक गट पाडतात. त्यामुळे तेथे कोणी कोणासाठी हरत नाही. जो जिंकतो तो खरोखर जिंकतो. स्पर्धेत वयाच्या आठव्या वर्षापासून उतरता येते. वर मर्यादा नाही. आपल्या देशात हे काम स्पेशल ऑलिंपिक्स भारत ही संस्था पाहते. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत आपल्या खेळाडूंनी २०२ पदके मिळविली, त्यांत ७६ सुवर्णपदके होती.

याहून आपल्या घरांस जवळची अशी दुसरी रीत आहे. तीस युनिफाइड, म्हणजे एकत्र खेळ, असे म्हणतात. एकाच संघात बौद्धिक अक्षमता असलेले व नसलेले खेळाडू बरोबरीने असतात. पाचांच्या फुटबॉल संघात तीन असे खेळाडू, तर दोन जोडीदार. जोडीदाराने शिकवावयाचे नाही, सांभाळावयाचे नाही; खेळावयाचे.

योगायोगाने त्या घरातील एक पुतणी महाविद्यालयात असताना अशा संघात जोडीदार म्हणून खेळली होती. दुसऱ्या दिवशी तिने चौकात बोची मांडली. हा गोट्यांचाच थोरला भाऊ म्हणावा. एक लहान चेंडू पुढे टाकावयाचा. दोन्ही पक्षांनी आपापले चार मोठे चेंडू घरंगळवीत त्याच्या जवळात जवळ न्यावयाचे. खरे मैदान साठ फूट लांब व बारा फूट रुंद असते. येथे चौकाने व जुन्या टेनिसच्या चेंडूंनी भागले. धावणे नाही, म्हणून आजींचीही हरकत राहिली नाही. आमचा खांबाजवळचा राखणदार पहिल्या दिवशी चेंडू भिंतीवरच आपटीत होता. तिसऱ्या दिवशी त्याचा चेंडू लहान चेंडूस लागून थांबला की बोटभर दूर, यावरून चुलतभावाने तंटा केला. दोरी आणून मोजणी झाली. त्याच्याशी कोणी बरोबरीने भांडत आहे, हे मी त्या घरात प्रथमच पाहिले. मोजणीत तो जिंकला. घड्याळे त्या सायंकाळी खांबाजवळ तशीच पडून होती.

निघताना त्याची आई दाराशी आली. म्हणाली, "आम्ही आहोत तोवर चिंता नाही. आमच्यामागे याचे कोण?" या प्रश्नास पैशाची तजवीज हे अर्धेच उत्तर आहे. उरलेले अर्धे त्या चौकात आहे. ज्या भावंडांनी त्याच्या केवळ चपला राखून घेतल्या, त्यांस तो उद्या भार वाटेल. जी त्याच्याशी खेळली, भांडली, त्याच्याकडून हरली, त्यांस तो भाऊ वाटेल. एकत्र कुटुंबे वर्षातून चारच दिवस एकत्र येऊ लागली आहेत. तेव्हा हे चार दिवस फुकट दवडणे आपणांस परवडणारे नाही.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. म्हणून कोलांट्या, उड्या यांपूर्वी डॉक्टरांस विचारावे. स्पर्धांची चौकशी जवळच्या विशेष शाळेतील शिक्षकांकडे करता येते. बाकी सामग्री घरातच आहे: चौक, दोनचार चेंडू आणि भावंडे. येत्या सुट्टीत ओसरीवरच्या मुलास हाक तेवढी मारावी.