गणवेशावरील कवटी कोणाला उद्देशून?

नेहरू नगर (भिलाई) : येथून जाणारा महामार्ग राजनांदगावला पोहोचतो, तेथून मोहला-मानपूरमार्गे गडचिरोली गाठता येते. १९८० नंतर या पट्ट्यातील गावकऱ्यांपुढे एक प्रश्न सतत उभा राहिला : गणवेश दिसला की आधार वाटावा की भय? सैनिकी चिन्हांतील कवटीचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरतो.

प्रशियात १७४१ मध्ये उभारलेल्या हुसार घोडदळाच्या टोपीवर कवटी होती. पुढे सतरावे लान्सर्स म्हणून ओळखल्या गेलेल्या ब्रिटिश पलटणीने क्वेबेक येथे १७५९ मध्ये धारातीर्थी पडलेल्या जनरल वुल्फच्या स्मरणार्थ ती स्वीकारली. ‘मृत्यू अथवा कीर्ती’ हे तिचे ब्रीद. मूळ भावना स्वतःच्या बलिदानाची होती. परंतु १८५८ मध्ये हीच पलटण मध्य भारतात तात्या टोपे यांच्या पाठलागावर होती. मूळच्या येवल्याच्या या सेनानीच्या शिपायांना त्या कवटीत शोक दिसला नसणार. दिसली असेल ती धमकीच. विसाव्या शतकात नाझींच्या एसएस संघटनेने तीच टोपीवर मिरवली आणि छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांच्या दलाला तिचे नाव दिले.

तात्पर्य, चिन्हाचा अर्थ धारण करणारा एकटा ठरवीत नाही. तो समोरचाही ठरवितो. ऑस्ट्रेलियाच्या लष्करप्रमुखांनी २०१८ मध्ये मृत्युसूचक चिन्हांवर बंदी घातली, ती याच जाणिवेतून.

भारतीय लष्कराची परंपरा वेगळी आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हात रणशिंग आहे. पॅरा कमांडोंच्या बिल्ल्यावर पंखयुक्त खंजीर आणि ‘बलिदान’ हा शब्द आहे. येथे मृत्यूचा उल्लेख आहे, पण तो स्वतःच्या समर्पणाचा.

अंतर्गत सुरक्षेत हा भेद निर्णायक ठरतो, कारण समोरचा माणूस आपलाच नागरिक असतो. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. छत्तीसगडच्या जिल्हा राखीव दलात तर माजी माओवादीही आहेत. शस्त्र खाली ठेवणाऱ्याचा विश्वास समोरच्या गणवेशावर बसावा लागतो. बाजारात सहज मिळणाऱ्या कवटीच्या बिल्ल्यांना चौक्यांवर थारा न देणे, ही म्हणूनच केवळ शिस्तीची बाब नव्हे. बस्तरमधील गावकऱ्याला राज्यसंस्था कोणता चेहरा दाखविणार, याचे ते उत्तर आहे.