‘विसरून जाईल ते!’

दत्तक हा शब्द आपल्याला नवा नाही. शाळेच्या इतिहासात तो आपण राज्ये खालसा होण्याच्या धड्यात शिकलो. मी ज्या भागातून आलो तो पांढुर्णा-सौंसरचा पट्टा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली वारले, त्यांना मुलगा नव्हता, घराण्याचा दत्तकाचा हक्क डलहौसीने मानला नाही आणि राज्य गेले. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील वाचकांना हीच गोष्ट कित्तूरची म्हणून ठाऊक आहे. तेथील दत्तक इंग्रजांनी नाकारला आणि १८२४ साली राणी चन्नम्मा लढायला उभी राहिली. या कथांत गादीचे काय झाले ते सविस्तर सांगितलेले असते. पण एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेलेल्या त्या मुलाला पहिल्या रात्री झोप लागली की नाही, हे मी तरी कुठे वाचलेले नाही.

आपल्या जुन्या दत्तकविधानात मूल हे साधन होते. वंश चालावा, पिंड मिळावा, वतन भाऊबंदांच्या घशात जाऊ नये म्हणून मुलगा हवा, आणि तोही शक्यतो भावाचाच. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, स्त्रीलाही दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला, हे फार चांगले झाले. परंतु आपल्या बोलण्यातला ‘दत्तक’ मात्र पुष्कळसा जुनाच राहिला. कोणी मूल घेतले की आपण आईबापांचे अभिनंदन करतो. त्यांचे मन किती मोठे, मुलाचे नशीब किती थोर, असे म्हणतो. मूल दोन वर्षांचे आहे, ते काहीतरी सोडून येत आहे, असा विचार कोणी बोलून दाखवलाच तर हमखास एक उत्तर मिळते. आमच्या भागात ते असे मिळते : “लहान हाय ना, इसरून जाईन ते.”

या उत्तराविषयी मला लिहावयाचे आहे, कारण गेल्या वर्षी ते मी एकाच दिवसात निदान दहा वेळा ऐकले.

माझा मावसभाऊ आणि त्याची पत्नी अमेरिकेत असतात. महाराष्ट्रातील एका संस्थेतून त्यांनी दोन वर्षांची मुलगी दत्तक घेतली. कागदपत्रांचा सारा प्रवास पार पडला. तिकडच्या संस्थेचा गृहअभ्यास, दिल्लीच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला, जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आदेश, मुलीचा पासपोर्ट आणि व्हिसा. (पूर्वी हा आदेश न्यायालय देत असे, कायद्यातील दुरुस्तीनंतर २०२२ पासून तो जिल्हादंडाधिकारी देतात.) विमानाला दहा दिवस होते, म्हणून आजीला नात दाखवायला ते सौंसरला निघाले आणि सोबत म्हणून मी गेलो. रात्रभर रेल्वे, नागपूरहून पुढे सावनेरमार्गे मोटार.

मुलगी वाटेत रडली नाही. एकदाही नाही. दिले ते खाल्ले, बसवले तेथे बसली, एका हाताने फ्रॉकचे टोक घट्ट धरून ठेवले. डब्यातील मंडळी कौतुकाने म्हणाली, किती शहाणी मुलगी! माझ्या वहिनीला मात्र ते पटत नव्हते. ती हळूच म्हणाली, “भाऊजी, दोन वर्षांचं मूल इतकं शहाणं असतं का हो?” मला वाटते त्या साऱ्या प्रवासात खरा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला. परक्या माणसांच्या हाती गेलेले लहान मूल नेहमी आकांत करतेच असे नाही. पुष्कळदा ते थिजते. त्याला आपण शहाणपण म्हणतो ते आपल्या सोयीसाठी.

सौंसरला दारात औक्षण झाले, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली गेली, आणि मग शेजारपाजारच्या बायकांच्या मांडीवरून ती फिरू लागली. प्रेमात कुठेही कसर नव्हती, हे मी मुद्दाम नमूद करतो. संस्थेत सांभाळणाऱ्या सगळ्याच बायकांना मुले ‘ताई’ म्हणत, म्हणून ती नव्या आईलाही ‘ताई’च म्हणत होती. त्यावर सगळ्यांनी मिळून तिला शिकवायला घेतले : ताई नाही, आई म्हण. संध्याकाळपर्यंत ती बोलेनाशी झाली. माझी मावशी तशी कडक बाई. तिने शेवटी सगळ्यांना घरी पाठवले, दार ओढून घेतले आणि सुनेला सांगितले, “तुलेच ताई म्हणते ना? म्हणू दे. हाक तं मारते.” पुढचे आठ दिवस त्या घरी कोणालाही बोलावले गेले नाही. गावात बोलणे झालेच. अमेरिकेत राहून यांना माणसे नकोशी झाली, असेही कोणी म्हणाले. पण मावशीचा निर्णय मला त्या साऱ्या कागदपत्रांइतकाच मोलाचा वाटला.

आता ‘विसरण्या’कडे वळतो. मूल पहिली भाषा विसरते, हे खरे आहे. पॅरिसच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेली माणसे मोठेपणी तपासली. तीन ते आठ वर्षांच्या वयात, म्हणजे चांगली बोलती असताना, ती गेली होती. कोरियन वाक्य कोणते आणि दुसऱ्या परक्या भाषेतले कोणते, हे त्यांना ओळखता आले नाही. येथवर ‘इसरून जाईन’ म्हणणाऱ्यांचा विजय झाला असे समजू. परंतु २०१४ साली मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दुसरा प्रयोग केला. चीनमध्ये जन्मून अगदी लहानपणी फ्रेंच बोलणाऱ्या घरांत दत्तक गेलेल्या मुली त्यांनी घेतल्या. मुलींना चिनीचा एक शब्द येत नव्हता. चिनी भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. असे स्वर त्यांना ऐकवले तेव्हा त्यांच्या मेंदूने चिनी बोलणाऱ्या मुलींप्रमाणेच प्रतिसाद दिला. केवळ फ्रेंच जाणणाऱ्या मुलींचा प्रतिसाद निराळा होता. म्हणजे शब्द गेले, तरी कानावर पडलेले काहीतरी राहिले. त्या मुलीला स्वतःला ते सांगता येत नाही, एवढेच. ज्या गोष्टीची आठवण सांगता येत नाही ती घडलीच नाही, असे मानणे आम्हां शिकवणाऱ्यांना तरी शोभत नाही.

आम्हां पांढुर्णा-सौंसरच्या लोकांना तर हे समजायला प्रयोगाची गरज पडू नये. १९५६ साली आम्ही जागचे हललो नाही. नागपूर मुंबई राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. तेव्हापासून घरात मराठी आणि शाळेत हिंदी अशीच आमची मुले वाढतात. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात सौंसर आले, पण ही घडी तीच आहे. या महाविद्यालयात एकाच मुखपृष्ठाखाली मराठी आणि कन्नड विभाग पाहिले तेव्हा मला लगेच घरच्यासारखे वाटले ते यामुळेच. आमच्या मुलांना दुसरी भाषा मिळते तेव्हा पहिली घरी शाबूत असते, आजी असते, ओटा असतो. विमानात बसणाऱ्या त्या मुलीला दुसरी भाषा मिळणार ती पहिलीच्या जागी. तिच्या आईबापांना निदान मराठी येते. ज्यांच्या आईबापांना येत नाही अशी मुलेही या देशातून दर वर्षी जातात.

अशी मुले किती? २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली, त्यांतील ४,१५५ देशातल्या देशात. म्हणजे बाहेर गेली ती साडेतीनशेच्या वर. आकडा मोठा नाही. एके काळी परिस्थिती फार वेगळी होती. परदेशी पालकांकडे मुले सोबतीच्या माणसाबरोबर विमानाने पाठवली जात आणि आईबाप आपले मूल पहिल्यांदा विमानतळावरच पाहत. या व्यवहारातील गैरप्रकारांविषयी लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. त्यावर १९८४ साली न्यायमूर्ती भगवतींनी दिलेला निकाल आपल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. मुलाला आधी देशातच घर शोधावे, ते न मिळाले तरच परदेशाचा विचार करावा, आणि प्रत्येक पायरीवर मुलाचे हित पाहावे, ही चौकट त्या निकालाने घालून दिली. १९९० मध्ये केंद्रीय दत्तक संस्था आली, २००३ साली भारताने हेग कराराला मान्यता दिली. आज आईबापांना मूल घ्यायला स्वतः यावे लागते आणि मूल गेल्यावर दोन वर्षे तिकडून अहवाल यावे लागतात : पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. ही सगळी प्रगतीच आहे. परंतु संस्थेच्या फाटकापासून नव्या घराच्या अंथरुणापर्यंतचे जे चार-आठ दिवस असतात, त्यांत कसे वागावे हे कुठलाही कायदा सांगू शकत नाही. ते आपल्यासारख्या नातेवाइकांच्या हाती असते.

असे काही बोलले की लिसा स्थळेकरचे उदाहरण माझ्या तोंडावर फेकले जाते. उदाहरण सुंदरच आहे. पुण्यात १९७९ साली जन्मलेली ही मुलगी ससून रुग्णालयाशी संलग्न ‘श्रीवत्स’ संस्थेत होती. मूळ मुंबईचे हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्रज पत्नी स्यू यांनी तिला घेतले. अमेरिका, केनिया असे करीत कुटुंब सिडनीला स्थिरावले. एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा आणि शंभर बळी मिळवणारी ती पहिली स्त्री. २०१३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईत ब्रेबॉर्नवर झाला, तो जिंकूनच तिने निवृत्ती घेतली. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी : घरी गेली तेव्हा लिसा तीन आठवड्यांची होती. दोन वर्षांच्या मुलाला ठरावीक हात, ठरावीक वास, ठरावीक भात माहीत झालेला असतो. आणि आज परदेशी जाणाऱ्या मुलांत मोठी झालेली किंवा विशेष गरजा असलेली मुलेच पुष्कळ असतात, कारण देशातल्या पालकांना तान्हे व निरोगी मूल हवे असते. ‘तुमची मुले बाहेर का जातात’ याचे उत्तर शोधायला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही.

दुसरे उदाहरण कोणी देत नाही. मुंबईतून १९८९ साली सात-आठ वर्षांची एक मुलगी अमेरिकेत दत्तक गेली. तेथे तिचे एका घरातून दुसऱ्या घरात हाल झाले, आणि तिचे नागरिकत्व घ्यायचे कोणी पूर्णच केले नाही. पुढे एका गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर २००८ साली तिला, दोन लहान मुले तिकडे ठेवून, भारतात परत पाठवण्यात आले. येथली भाषा तिला येत नव्हती, येथे तिचे कोणी नव्हते. ‘विसरून जाईल’ हे तिच्या बाबतीत तंतोतंत खरे ठरले होते! अमेरिकेने २००० साली कायदा करून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व द्यायला सुरुवात केली, पण तो अमलात आला त्या दिवशी ज्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली होती त्यांना तो लागू नव्हता.

मी परदेशी दत्तकाच्या विरुद्ध आहे असा अर्थ कोणी काढू नये. संस्थेतल्या वीस खाटांपेक्षा एक घर केव्हाही बरे, मग ते सौंसरला असो की शिकागोला. माझे म्हणणे एवढेच की, मूल ‘घरी येत’ असते तेव्हा घरी येत असतात ते आईबाप; मूल घर सोडत असते. त्याला आपले घर ते नंतर, स्वतःच्या सवडीने म्हणेल. तोवर त्याला घाई करू नये. नाव बदलायचेच असेल तर जुने नाव निदान मधले नाव म्हणून राहू द्यावे. बारशाची हौस मोठी असते हे मला ठाऊक आहे. संस्थेतले अंगावरचे पांघरूण न धुता मागून आणावे. त्याला भाताबरोबर काय कालवून देत होते ते विचारावे. पहिले काही आठवडे त्याला आईबापांनीच उचलावे, भरवावे, निजवावे. मामा-मावश्यांनी हात मागे ठेवावेत.

आणि लिहून ठेवावे. मूळ शोधण्याचा हक्क आपल्या नियमांत आहे : अठरा वर्षांची झाल्यावर दत्तक व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, त्याआधी आईबापांबरोबर. जन्मदात्या आईचे नाव मात्र तिच्या संमतीवाचून कळत नाही, आणि ते योग्यच आहे. पण सरकारी फाइलीत तारखा आणि शिक्के असतात. झोपताना कोणते गाणे म्हणत, कुत्र्याला ती काय म्हणे, हे नसते. निघण्याच्या आदल्या दिवशी वहिनीने संस्थेत दूरध्वनी केला आणि सांभाळणाऱ्या ताईंना अर्धा तास प्रश्न विचारले. दोनशे पानी वहीची साडेचार पाने भरली. मावशीने त्याखाली सौंसरच्या आठ दिवसांचे अर्धे पान लिहिले, तेही आपल्या बोलीतच. वही पासपोर्टाच्या पिशवीत गेली. मुलगी अजून आईला ‘ताई’च म्हणत होती.