मेन्यूला क्यूआर आहे, मग फायर सर्टिफिकेटला का नाही?

२९ डिसेंबर २०१७. मुंबईच्या कमला मिल्समध्ये रूफटॉप पबला आग लागली, १४ जण गेले. कायदा तेव्हाही होता. राज्याच्या २००६ च्या कायद्यानुसार आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे 'फॉर्म बी', दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यावं लागतं. पण टेबलावर बसलेल्या आपल्याला ते कुठे दिसतं?

सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो, हे अवघड नाही. दारावर क्यूआर लावा. स्कॅन केल्यावर तारीख मात्र अग्निशमन दलाच्या सर्व्हरवरून यावी. मालकाने चढवलेली पीडीएफ नको, ती कुणीही बनवेल.

तोवर दोन गोष्टी स्वतः बघा: सिलिंडरला मीटर असेल तर काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि बाहेर पडायचा दुसरा जिना मोकळा आहे का.