झोपडीतला चरखा, शिवारातला मोबाइल

अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले, तेव्हा खेड्यातल्या झोपडीत बाईला तो फारसे न थकता सलग आठ तास चालवता यावा, अशी अट होती; ग्रामोद्योगांच्या मगन संग्रहालयाच्या वर्ध्यात तीच कसोटी हा अंक मोबाइलच्या पडद्याला लावतो.

ई-पीक पाहणी ॲप २०२१ मध्ये राज्यभर आल्यापासून शेतकरी पिकाची नोंद बांधावरून स्वतः करू लागला, त्यामुळे दूरस्थ वापरसुलभता चाचणी, म्हणजे वापरणारा आपल्या जागी असताना तो कुठे अडतो हे लांबून तपासणे, हा विषय पुण्या-मुंबईच्या कंपन्यांपुरता उरलेला नाही. पडदा थेट दाखवत होणाऱ्या चाचणीत 'इथे का थांबलात?' असे विचारता येते, पण त्यासाठी अखंड रेंज लागते. निरीक्षकाविना केलेले पडद्याचे चित्रण सवडीने पाहता येते, मात्र अडण्याचे कारण त्यातून हाती लागतेच असे नाही. कपाशीत उभ्या माणसाच्या डोळ्यांना उन्हात पडदा दिसत नव्हता, हे तर चित्रणात उमटतच नाही. ते तो माणूस बोलूनच सांगू शकतो, म्हणून साध्या फोन कॉलला या अंकात, जाणूनबुजून, झुकते माप दिले आहे.

वाचकांनी आपले अनुभव आणि मतभेद आम्हांस अवश्य कळवावेत.