प्राध्यापकाची जागा आणि आमची मुले

नागपूर विद्यापीठ 1923 साली निघाले. 2005 पासून त्यास राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे, आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याच छत्राखाली येतात. ज्यांनी ग्रामगीता लिहिली त्यांच्या नावाच्या विद्यापीठात ग्रामातील मुलगा शिकावयास जातो, हे ठीकच झाले. तो तेथे शिकवावयास कधी उभा राहणार?

गोरेगावाकडील धानवाल्याचा, कोष्ट्याचा, कुंभाराचा मुलगा आता एम. ए., एम. एस्सी. होतो. तेथवर बाप कसाबसा पोचवितो. मग जागांची जाहिरात निघते आणि घरात पहिला प्रश्न होतो, ‘तेथे ओळख कोणाची आहे?’ बंधूंनो, ओळखीच्या आधी नियम विचारा.

सहायक प्राध्यापकाच्या जागेस पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण आणि नेट किंवा सेट परीक्षा, एवढा उंबरठा आहे. मागासवर्गीयांस गुणांत 5 टक्के सूट आहे. मध्यंतरी विद्यापीठाच्या विभागांत पीएच. डी. सक्तीची ठरली होती. 1 जुलै 2023 पासून ती सक्ती उठली. परंतु सक्ती उठली म्हणून वजन उठले असे मात्र नव्हे. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत, विद्यापीठाने मुलाखतीस कोणास बोलवावे यासाठी 100 गुणांचे कोष्टक घातले. त्यात पीएच. डी.ला 30, नेटला 5 आणि सेटला अवघे 3! शिकविण्याच्या अनुभवास वर्षाला 2 गुण, तेही 10 पर्यंत. चार-पाच वर्षे बिनकमाईचे बसून प्रबंध लिहिणे कोणाच्या घरास परवडते, हे सांगावयास पंडित नको.

आणि त्याच नियमांत पुढे म्हटले की, हे गुण फक्त बोलावण्यापुरते. निवड मुलाखतीवरच व्हावी. म्हणजे रोवणी, निंदण, कापणी सारे उघड्यावर मोजले, आणि भाव मात्र जुन्या अडत्याप्रमाणे रुमालाखाली ठरविला! महाराष्ट्रात अलीकडे मुलाखतीचे वजन कमी करण्याची खटपट झाली. ती योग्य आहे. पण आमची मागणी आणखी एक आहे: मुलाखतीचे गुण त्याच दिवशी सर्व उमेदवारांसमोर लावावेत.

राखीव जागा आहेतच, या भरवशावरही कोणी झोपू नये. मार्च 2018 मध्ये आयोगाने फर्मान काढले की, आरक्षण मोजताना विद्यापीठ नव्हे, एकेक विभाग घटक धरावा. त्या हिशेबात इतर मागासांची पहिली जागा चौथी, अनुसूचित जातीची सातवी, जमातीची चौदावी. ज्या विभागात जागाच तीन, तेथे आमची पाळी कधी यावयाची? देशभर ओरड झाली, तेव्हा 2019 साली संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांत सारी संस्था एक घटक धरविली. आमच्या जवळचे वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ त्यात येते. ओरड झाली नसती तर कायदा झाला असता काय?

तरी ज्यांची मुले एम. ए.च्या वर्गात आहेत त्यांनी जात वैधतेचा अर्ज आजच करावा. जाहिरात निघाल्यावर कचेरीत खेटे घालून दाखला वेळेवर मिळत नाही. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याची मुदतही पाहून ठेवावी. आणि जाहिरात हाती आली की पगाराचा आकडा मागून वाचावा. विषयवार जागा, त्यांतील राखीव किती व कोणासाठी, हे आधी वाचावे. न समजल्यास गावच्या मास्तरास विचारावे. त्याला तेवढे वाचता येते.