वीट चालते, दागिना अडतो

अमेरिकेत स्वस्त पिस्तुलांचा विषय निघाला की ओहायोत बनणाऱ्या हाय-पॉइंट सी-९ची टिंगल ठरलेली. ती अगदीच अन्यायाची नाही. त्याची स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पोलादाची नसून जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. नळी आणि स्लाइड गोळी सुटताना एकमेकांत अडकत नाहीत; नऊ मिलिमीटरचा धक्का निव्वळ वजनावर पेलायचा, म्हणून वजन आठशे ग्रॅमच्या घरात. ग्लॉक १९ हे पिस्तूल रिकामं असताना सहाशेच. कमरेला वीट बांधल्यासारखंच (आणि दिसायलाही वीटच). पण नळी चौकटीत पक्की, रचना साधी, त्यामुळे हे ध्यान बरेचदा मुकाट चालतं. खरी परीक्षा नाजूक, खिशात मावणाऱ्या पिस्तुलांची: स्लाइडची धाव आखूड, स्प्रिंग कडक, मॅगझिनला पुढची गोळी वर ढकलायला वेळ कमी. मनगट जरा सैल पडलं की अडलंच. झिलई दुकानात दिसते, हा अडथळा दिसत नाही. म्हणून माझं मत पक्कं आहे: फिनिशिंगचे पैसे वाचवा आणि जवळ बाळगायच्या त्याच गोळ्यांपैकी निदान दोनशे रेंजवर झाडून पाहा. एकदा जरी विनाकारण अडलं, तर ते कमरेला लावू नका.